ताळगावचे कणीस

कॉलेजात कुणी विचारले, "तू कुठची?" की मी सांगते, "ताळगावची." लगेच समोरून येते, "म्हणजे पणजीचीच की!" पूर्वी मी मान डोलावून मोकळी व्हायचे. पण माझ्या शामायसमोर, म्हणजे आजीसमोर, असे कुणी बोलले तर ती ऐकून घेत नाही. "पणजी आमची भाजी खाऊन मोठी झाली. आम्ही पणजीचे नव्हे!"

आई बेळगावची, म्हणून मी घरात मराठीत वाढले. शामाय कोकणीत बोलते, मी मराठीत उत्तर देते. आजवर आमचे कुठे अडले नाही.

शामायचे ताळगाव मी तिच्या बोलण्यातूनच पाहिले. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला जुवारी, मधे पठार आणि पायथ्याशी सखल भातशेते. शेतांतले जादा पाणी सांतिनेजच्या नाल्याने मांडवीला मिळायचे. पावसाळ्यात भात, आणि कापणी झाली की त्याच जमिनीत वांगी, मिरची, तांबडी भाजी. ताळगावची वांगी पणजीच्या बाजारात नावाने मागून घेत. शामाय पहाटे डोक्यावर पाटी घेऊन चालत बाजारात जायची आणि ऊन चढायच्या आत परत यायची.

मग पणजी वाढली. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे टेकडी. ती पसरणार तरी कुठे? आमच्याकडेच आली. 1985 मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि आमच्या पठारावर त्याचा कॅम्पस उभा राहिला. 1987 मध्ये गोवा राज्य झाले. सरकारी नोकरदार आले, प्राध्यापक आले, त्यांच्या मागून सुट्टीपुरते राहायला येणाऱ्यांचे फ्लॅट आले. शामाय ज्या वाटेने पाटी घेऊन जायची, त्या वाटेवर आता संध्याकाळी ट्रॅफिक जाम असतो.

आपल्या अंकात दरवर्षी काँक्रीटच्या जंगलावर दोन-तीन कविता असतात. मला त्या आवडतात. पण वाचताना थोडी चोरटी होते, कारण मी त्याच जंगलात दुसऱ्या मजल्यावर राहते. मी सहा वर्षांची असताना आमचे भाट, म्हणजे नारळ-आंब्यांची जागा, डॅडींनी विकले. आंब्याला माझा झोपाळा होता. बदल्यात आम्हांला फ्लॅट आणि काही रक्कम मिळाली. शामायचे ऑपरेशन त्यातूनच झाले. माझी फी त्यातूनच जाते. हा लेख मी ज्या लॅपटॉपवर टाइप करते आहे, तोही त्यातूनच आला. आता मी कुणाला नावे ठेवू?

खालचे शेत मात्र अजून आमचे आहे. चार वर्षे पडीक आहे. मला वाटायचे, डॅडींना कंटाळा आला. एकदा त्यांनी मला बांधावर नेऊन दाखवले. आजूबाजूच्या दोन-तीन जागांवर मातीचा भराव पडला आहे. त्यामुळे पूर्वी तिथे पसरून पुढे सरकणारे पाणी आता आमच्याकडे तुंबते. रोपे कुजतात. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर त्यांची मजुरी भाताच्या किमतीत बसत नाही. डॅडी म्हणाले, "बाय, शेत एकट्याने करता येत नाही. सगळ्यांनी केले तरच एकाचे होते."

तेव्हा मला एक गोष्ट कळली. गाव कुणी एकदम विकत नाही. एकाने भराव टाकला की शेजाऱ्याची शेती अवघड होते. मग तो पडीक टाकतो, मग तिसरा. प्रत्येकाचे कारण खरे असते. आमचेही होते. आणि आमचे भाट गेले तेव्हा खाली कुणाच्या शेतात किती पाणी वाढले, हे आम्ही विचारायलाही गेलो नव्हतो.

2023 च्या कायद्याने भातशेत शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. तरी एक एजंट येऊन गेला. "कायदे बदलतात हो. तोवर थोडी माती टाकून ठेवा." डॅडींनी त्याला चहा दिला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मीच मग रागावले, "त्याला सरळ नाही का सांगत नाही?" डॅडी शांतपणे म्हणाले, "सांगतो. तू चिखलात उतरशील?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मला एम.ए. करायचे आहे, नंतर नोकरी.

21 ऑगस्टला आमच्याकडे कणसांचे फेस्त असते. नव्या भाताची पहिली कणसे विळ्याने कापतात, बँडच्या साथीने मिरवत सांत मिगेलच्या चर्चमध्ये नेतात, आशीर्वाद होतो आणि कणसे घरोघरी जातात. यंदा शामायला चालवत नव्हते, म्हणून तिचे कणीस मी आणले. तिने वेदीवरचे गेल्या वर्षीचे कणीस काढले, नवे ठेवले आणि विचारले, "कुणाच्या शेतातले?"

मला माहीत नव्हते. विचारायचे सुचलेच नव्हते. पूर्वी हा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण घरोघरी शेत होते.

रात्री जेवताना मी डॅडींना म्हटले, "पुढच्या जूनमध्ये अर्ध्याच शेतात करून बघू या? शेजारच्यांनाही विचारू. पाण्याला वाट काढायची तर सगळे लागतील. माझी परीक्षा मेमध्येच संपते." ते हसले. माझ्या बोलण्यावर त्यांचा फारसा विश्वास नसावा. माझाही पुरता नाही. पण दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला, तेव्हा ते म्हणाले, "पावसाळ्यानंतर बघू. मुलगी काहीतरी म्हणतेय."

शामाय आतून ऐकत होती. तिने फक्त विचारले, "बियाणे कुठून आणणार?"