हाताला चाळा

शिलाई मशीनवर बसले की माझे हात जागच्या जागी असतात. कापड पुढे सरकवायचं, टीप सरळ ठेवायची, कड आली की चाकावर तळवा टेकवून मशीन थांबवायची. बोटांना दुसरं काही सुचत नाही. मशीन थांबली, की उजव्या तर्जनीचं नख डाव्या अंगठ्याकडे निघायचं आणि नखाच्या कडेची कातडी चाचपायला लागायचं. एखादं उचललेलं टोक सापडायचंच. ते चिमटीत धरून ओढलं की क्षणभर मोकळं वाटायचं, मग रक्ताचा ठिपका यायचा, आणि त्याच्याच शेजारी ओढायला नवं टोक तयार व्हायचं.

ही सवय दहावीच्या परीक्षेपासूनची. पण 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात जो पाऊस कोसळला, त्यानंतर ती हाताबाहेर गेली. परंड्याकडे गावांना पाण्याचा वेढा पडला, माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. आमच्या वाशीच्या शिवारात तेवढं झालं नाही, तरी काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि शेंगेतच दाण्यांना कोंब फुटले. सोसायटीचं कर्ज, खत-बियाणाच्या दुकानातली उधारी, लातूरला नीटच्या क्लासला ठेवलेल्या लेकीची फी, सगळं त्या सोयाबीनवर टेकलेलं होतं. दिवाळीच्या तोंडावर ब्लाउजांचा ढीग पडला होता आणि माझ्या अंगठ्याला नखुरडं झालं. रात्रभर ठणकायचं. कात्रीच्या कडीत अंगठा जाईना.

गावातल्या डॉक्टरबाईंनी पू काढला, गोळ्या दिल्या आणि पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, ‘‘जखम मी बरी करते. पण हात तिकडं का जातोय, ते तुम्ही बघा.’’

मी बघायला लागले ते अंगठ्यांपासून. म्हणजे बोटात घालायच्या अंगठ्यांपासून.

पहिली आली ती तुळजापूरची. देवीच्या दर्शनाला जाताना दोन्ही बाजूंच्या दुकानांत कुंकू, परड्या, बांगड्या असतात, त्यांतच पत्र्याच्या ताटात ही स्टीलची कडी ढिगाने ठेवलेली असतात. विकणारे त्यांना अ‍ॅक्युप्रेशरची रिंग म्हणतात. बारीक तारेची घट्ट गुंडाळी, ती पुन्हा गोल वळवून जोडलेली. ताणली की पेरावरून अलगद जाते, सोडली की बोटाला आवळून बसते. मग ती नखापासून बोटाच्या मुळापर्यंत लोळवायची. तारेचे वेढे कातडीत किंचित रुततात, बारीक टोचल्यासारखं होतं, बोट लाल आणि ऊन होतं, काढल्यावरही थोडा वेळ झिणझिणत राहतं. ही पद्धत मूळची कोरियातली. पार्क जे वू यांनी ‘सुजोक’ या नावाने ती मांडली. हाताच्या तळव्यावर आणि बोटांवर साऱ्या शरीराचा नकाशा असतो, असं तिच्यात मानतात.

दुकानदार सांगत होता, यानं बीपी उतरतो, शुगर उतरते, गुडघे राहतात. हे मला पटलं नाही आणि वाचणाऱ्या कुणी बीपीची गोळी सोडून रिंग फिरवत बसू नये. पण एक गोष्ट खरी. माझ्या बोटांना जे टोचणं, ओढणं हवं असायचं, ते या कड्यातून रक्त न काढता मिळत होतं. ती घातली की नख अंगठ्याकडे कमी वळायचं. अडचण वेगळीच निघाली. तारेच्या वेढ्यात रेशमाचा धागा अडकतो. एका पैठणीच्या काठाची जर तिच्यात गुंतली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. धागा सुईच्या टोकाने सोडवला, काठ वाचला, आणि तेव्हापासून ती रिंग कामाच्या खोलीत येत नाही.

पुण्याला नोकरी करणाऱ्या भाचीने मग दुसरी पाठवली. दिसायला साधी अंगठी. आतलं कडं बोटाला धरून राहतं आणि बाहेरचं त्याच्यावर गरगर फिरतं. अंगठ्याने ढकलत राहायचं. आवाज नाही, कुणाच्या लक्षात येत नाही, बँकेच्या रांगेतही फिरवता येते. तिच्या ऑफिसातल्या निम्म्या मुली ती घालतात म्हणे. 2017 साली पोरांच्या हातात ते तीन पाकळ्यांचं फिरकं आलं होतं, वाशीच्या बाजारातही मिळायचं, त्याचीच ही मोठ्या माणसांसाठीची धाकटी बहीण. त्या फिरक्याने मुलांचं लक्ष लागतं असा तेव्हा गाजावाजा झाला होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी त्याच वर्षी उपलब्ध अभ्यास चाळून पाहिले, तर त्या दाव्याला आधार सापडला नाही. माझ्या मते अंगठीचंही तसंच आहे. मन तिच्याने शांत होत नाही. हात गुंततो. आणि ज्याचा हात स्वतःलाच सोलतो आहे, त्याला हात गुंतणं ही लहान गोष्ट नाही.

पण घरात बसल्या बसल्या मला जे कळलं नसतं ते कळलं आशाताईंमुळे. मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी 2015 पासून सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन झोप लागते का, जेवण जातं का, जगण्याचा कंटाळा येतो का, हे विचारायचं आणि ज्याला गरज आहे त्याला समुपदेशकाकडे पाठवायचं, ही त्यातली पद्धत. आमच्या आशाताई आल्या त्या खरं तर यांची विचारपूस करायला. हे नेहमीप्रमाणे ‘‘काही नाही, बरं आहे’’ म्हणून गोठ्याकडे गेले. ताईंची नजर माझ्या पट्टी बांधलेल्या अंगठ्यावर गेली. ‘‘बाई, हे काय करून घेतलंव?’’ असं त्यांनी विचारलं आणि मला रडूच आलं. त्यांनी माझ्या मोबाईलवरून 14416 लावून दिला. हा टेलिमानसचा नंबर, केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात सुरू केलेला, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

पलीकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. कातडी सोलणं हा नुसता वाईट चाळा नाही, प्रमाणाबाहेर गेलं तर तो उपचार करण्याजोगा त्रास असतो, डॉक्टरांच्या पुस्तकात 2013 पासून त्याची वेगळी नोंद आहे, हे त्यांच्याकडून कळलं. एवढ्यानेच मला निम्मं हलकं वाटलं. पुढे धाराशिवला सरकारी दवाखान्यात समुपदेशकाला भेटले, तेव्हा त्यांनी एक रीत शिकवली. नॅथन अ‍ॅझरिन आणि ग्रेगरी नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी ती 1973 मध्ये मांडलेली आहे. आधी हात निघतो कधी, ते ओळखायचं. मग तो निघाला, की त्याला त्याच वेळी दुसरं असं काम द्यायचं की ते करताना पहिलं करताच येणार नाही. मूठ आवळून धरणं, कापडाची घडी दाबून धरणं, काहीही. एक-दोन मिनिटं. ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते, तेवढा वेळ काढायचा.

मापाच्या वहीच्या मागच्या पानावर मी नोंद ठेवायला लागले. लाईट गेली आणि मशीन थांबली, हात निघाला. अनोळखी नंबरवरून फोन आला, हात निघाला. संध्याकाळी हे मोबाईलवर सोयाबीनचा भाव बघत बसले आणि काहीच बोलले नाहीत, हात निघाला. शिवताना कधीच नाही, भाकरी थापताना कधीच नाही, गिऱ्हाईकाशी बोलताना क्वचित. ती यादी वाचून मला माझ्या दिवसाचा नकाशाच दिसला. यांच्या गप्प बसण्याची भीती मला किती बसली आहे, ते मी कुणापाशी बोलले नव्हते. माझ्या अंगठ्याने ते पानभर लिहून ठेवलं होतं.

समुपदेशकाने रबरबँड, गुळगुळीत खडा असं बरंच सुचवलं होतं. मला लागू पडलं ते माझ्याच डब्यातलं अंगुस्तान. हातशिलाई करताना सुईची पाठ टोचू नये म्हणून मधल्या बोटात घालतात ती धातूची टोपी. बाजारातून मोठ्या मापाची दोन आणली आणि अंगठ्यांत घातली. नख तिथे गेलं की टक्क वाजायचं. त्या आवाजाने हात निघाल्याचं कळायचं आणि बोटाला धातूवरच्या बारीक खळग्यांवरून फिरायला मिळायचं. खळगे ओळीने, एकसारखे. मी ते मोजत बसायचे. कातडी भरून यायला लागली. वाळलेलं टोक दिसलं की आता खोबरेल लावते आणि नखकात्रीने कापते. ओढायचं टोकच ठेवत नाही.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे सगळं बघून नवल वाटत नव्हतं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, बोटात पंढरपूरहून आणलेलं जपाचं यंत्र. अंगठ्याने बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो. ‘रामकृष्णहरी’ म्हणायचं आणि दाबायचं. मामंजी गेले त्या वर्षी त्यांच्या बोटाला विसावा नव्हता. शेजारच्या जैन काकू कुंथलगिरीला जातात. आपल्याच जिल्ह्यातलं, भूम तालुक्यातलं हे सिद्धक्षेत्र, आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये तिथेच सल्लेखना घेतली. काकूंच्या हातात 108 मण्यांची जपमाळ असते. दर शुक्रवारी अस्तराचं कापड घेऊन येणाऱ्या चाचांच्या मनगटाला तसबीह गुंडाळलेली असते. ही माणसं माळेला ताण घालवण्याचं साधन म्हणणार नाहीत आणि म्हणूही नये. त्यांच्यासाठी ती देवाची वाट आहे. पण माळेवर हात चालताना शरीरात काय होतं तेही कुणी तरी मोजलंय. इटलीतल्या लुसिआनो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांना जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ओम मणी पद्मे हूम’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींनी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास उतरला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने तो अभ्यास छापला. समुपदेशकाने हे सांगितलं तेव्हा मी घरी येऊन आत्याबाईंच्या शेजारी बसले आणि त्यांचा श्वास ऐकला. खरंच संथ होता. फिरत्या अंगठीत हे नाही. ती कितीही जोरात फिरवता येते आणि जीव घाबरला की माझी जोरातच फिरायची. मणी मात्र नाम पूर्ण झाल्याशिवाय पुढे ढकलता येत नाही. आता मीही अंगुस्तानाच्या खळग्यावरून बोट श्वासाबरोबर फिरवते, एक ओळ आत घेताना, एक सोडताना.

यांच्या हाताचंही मला तेव्हाच दिसलं. डाव्या तळव्यावर तंबाखू, चुना, आणि उजव्या अंगठ्याने मळणं. पारावर बसलेल्या गड्यांत जाऊन बघा, बोलणं थांबलं की डबी निघते. किती तरी वेळ मळतात, झटकतात, परत मळतात. तोंडात टाकण्याची तलफ असतेच, पण मळण्याची तलफ तिच्याइतकीच असते, असं मला वाटतं. बायकांना निदान जात्यापासून सुई-दोऱ्यापर्यंत काही तरी हातात असतं. हंगाम बुडालेल्या गड्याच्या हाताला डबीशिवाय काय आहे? मी यांना ती स्टीलची रिंग दिली. दोन-चार वेळा फिरवली आणि कोनाड्यात ठेवली. मग मी तो नाद सोडला आणि शेजारी बसून विचारलं, ‘‘झोप लागंना झालीय ना तुम्हाला?’’ बऱ्याच वेळाने ‘‘हो’’ म्हणाले. धाराशिवच्या पुढच्या खेपेला माझ्याबरोबर आले. डॉक्टरांनी त्यांना गोळी सुरू केली आहे. तंबाखू सुटलेली नाही, झोप लागते.

ब्लाउजाचं माप घेताना बाईचा हात माझ्या हातात येतो. बाहीची लांबी, दंडाचा घेर, मनगट. कुरतडलेली नखं, सोललेली बोटं, बांगडी सारखी फिरवून मनगटावर पडलेला चट्टा, हे आधी मला दिसत नव्हतं. आता दिसतं. बारावीच्या पोरी असतील तर त्यांना फिरती अंगठी वापरून बघायला देते. मोठ्या बाईला चहा ठेवते आणि घरी सगळं ठीक आहे का विचारते. मापाच्या वहीच्या पहिल्या पानावर 14416 मोठ्या अक्षरात लिहिलाय. गेल्या महिन्यात तेरखेड्याकडची एक जण दोन ब्लाउज टाकायला आली होती. तिने पोलक्याची मापं दिली, वहीतला नंबर बघितला, आणि पावतीच्या मागे तो उतरवून घेताना म्हणाली, ‘‘माझ्यासाठी नाही, आमच्या धाकट्या दिरासाठी पाहिजे.’’