घडीचें घर

धर्मराज युधिष्ठिरानें आपल्या कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारलें, ही महाप्रस्थानिक पर्वांतील कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. आणि प्रत्येक वेळीं त्या राजाविषयीं आमचें मन आदरानें भरून आलें आहे. परंतु अलीकडे त्या आदरांत असूयेचा किंचित् अंश मिसळूं लागला आहे, हें कबूल केलें पाहिजे. धर्मराजाची अडचण एका इंद्रापुरतीच होती, ती एका संवादांत मिटली, आणि तें कुत्रें म्हणजे साक्षात् यमधर्मच निघाला. आमच्या भुऱ्यानें गेल्या आठ वर्षांत कुत्र्याखेरीज दुसरें कोणतेंही रूप प्रकट केलेलें नाहीं; आणि त्याच्यासाठीं आम्हांस ज्यांची मनधरणी करावी लागली त्यांत रेल्वे, मोटार, कोंकणचा उन्हाळा आणि आमची आई इतकीं सर्व होतीं.

त्याचें असें झालें. आमची आई वयाच्या ८४ व्या वर्षीं राजापूर तालुक्यांतील आमच्या गांवीं एकटी राहत होती. कार्तिकांत ती परसांत पाय घसरून पडली, खुब्याचें हाड मोडलें आणि शस्त्रक्रिया करावी लागली. धाकटी बहीण रजा काढून तिच्याजवळ राहिली. पण ती रजा संपल्यावर आम्हीं दर महिन्यास आठ-दहा दिवस गांवीं राहावें, असें ठरलें. पुण्याच्या घरीं आम्ही आणि भुऱ्या असे दोनच प्राणी. त्यास मागें कोणाजवळ ठेवावें? एकदां एका ठिकाणीं चार दिवस पैसे भरून ठेवला होता. तेथें त्यास लोखंडी पिंजऱ्यांत कोंडण्यांत आलें. चार दिवसांनीं आणावयास गेलों तेव्हां भुंकून भुंकून त्याचा आवाज बसला होता, आणि पुढें महिनाभर घरांतलें दार लागलें कीं तो थरथर कांपे.

आईस दूरध्वनीवरून विचारलें. ती म्हणाली, "आण हो. पण माजघरांत नको. आणि ओटीवर मोकळाही नको, माणसें येतात-जातात." साखळीनें बांधावें, तर भुऱ्या खांबाभोंवतीं फिरून स्वतःचाच गळा आंवळून घेतो.

प्रथम विचार आला रेल्वेचा. आपल्या रेल्वेच्या नियमांप्रमाणें कुत्र्यास वातानुकूलित प्रथम वर्गांतून न्यावयाचें तर दोन किंवा चार शय्यांची संपूर्ण खोली आपल्याच नांवें असावी लागते. तें न साधल्यास त्याची रवानगी गार्डाच्या डब्यांतील कुत्र्यांच्या पेटींत होते. पहिला मार्ग आमच्या खिशास झेपणारा नव्हता, व दुसरा भुऱ्याच्या काळजास. तेव्हां मोटारीनें, कोल्हापूर-मलकापूर करून अणुस्कुरा घाटानें उतरावयाचें ठरलें. प्रवासाचा प्रश्न सुटला, मुक्कामाचा सुटेना.

अशा वेळीं एका स्नेह्यानें आम्हांस त्या वस्तूची ओळख करून दिली, जीस दुकानदार 'सॉफ्ट क्रेट' म्हणतात आणि आम्ही घडीचें घर म्हणतों. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर नायलॉन अथवा पॉलिएस्टरचें जाड कापड, तीन-चार बाजूंस जाळीच्या खिडक्या आणि दारास चेन, एवढाच त्याचा प्रपंच. उभें करण्यास दोन मिनिटें लागतात, मिटण्यास तितकींच. आणि मिटलें कीं कॅरमबोर्डाप्रमाणें तें भिंतीस टेकून राहतें. तारेचा पिंजरा याहून मजबूत खरा, पण त्याचें ओझें फार आणि खडखडाट त्याहून अधिक. प्लास्टिकची पेटी भक्कम, पण ती मिटत नाहीं. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यास कापडी घरासारखी सोय दुसरी नाहीं.

आम्हीं तें विकत घेतलें, आणि घेतांनाच पहिली चूक केली. दुकानदारानें विचारलें, "वजन किती?" आम्ही म्हणालों, "१८ किलो." त्यानें ३० इंच लांबीचें घर काढून दिलें. परंतु घर वजनावर घ्यावयाचें नसतें. कुत्रें सरळ उभें करून नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजावी, दोन्ही मापांत तीन-चार इंच मिळवावे, आणि मग आंत उभें राहतां येतें काय, वळतां येतें काय, पाय पसरून निजतां येतें काय, एवढें पाहावें. भुऱ्या मोजल्यावर ३१ इंच लांब आणि २४ इंच उंच भरला. त्या घरांत तो शिरला तो मान वांकवूनच, आणि वळतां न आल्यामुळें मागच्या पायांनीं बाहेर आला.

दुसरी चूक याहून मोठी. ती सांगण्यास लाज वाटते. ३६ इंचांचें घर बदलून आणलें, तेव्हां बहिणीची रजा संपावयास चारच दिवस उरले होते. आम्हीं आंत गादी टाकली, भुऱ्यास ढकलून बसविलें, चेन लावली आणि 'होईल संवय' असें म्हणून बाजारांत गेलों. तासाभरानें परत येऊन पाहतों तों घर खोलीच्या दुसऱ्या टोंकास उलथून पडलेलें, एका बाजूची जाळी फाटून लोंबत असलेली, आणि भुऱ्या न्हाणीघराच्या कोंपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून बसलेला. जाळींतून नाक घुसवतांना त्याचें नाक सोलवटलें होतें आणि जाळीच्या कडेवर रक्त लागलें होतें. आम्हीं हांक मारली. तो आला नाहीं. आठ वर्षांत असें कधीं घडलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्हीं बहिणीस सर्व हकीकत कळविली. ती बराच वेळ गप्प राहिली; मग तिनें आणखी सहा आठवडे बिनपगारी रजा काढली. कुत्र्यापायीं माणसास हा भुर्दंड कां, असें कोणी विचारील तर आमच्याजवळ उत्तर नाहीं. बहिणीनें विचारलें नाहीं, एवढेंच आम्हांस ठाऊक आहे.

फाटलेली जाळी पाहतां पाहतां एक गोष्ट आमच्या ध्यानीं आली. लोखंडी पिंजऱ्यास कैद्याच्या संमतीची गरज नसते. कापडी भिंतीचें तसें नाहीं. १८ किलोंच्या कुत्र्यानें मनांत आणलें तर दांत आणि नखें यांपुढें ती पांच मिनिटेंही टिकणार नाहीं. ती टिकते ती केवळ आंतल्यास बाहेर पडण्याची घाई नसते म्हणून. म्हणून ज्या कुत्र्यास चावण्याची, उकरण्याची किंवा एकटें राहण्याची धास्ती आहे त्यास ही वस्तु आणूं नये. आणि आणावयाचीच असेल तर आधीं त्याची धास्ती घालवावी, मग चेन लावावी.

या पिंजऱ्यांचे पुरस्कर्ते सांगतात कीं, कुत्रा हा लांडग्याचा वंशज, आणि लांडगा गुहेंत राहतो; सबब कुत्र्यास कोंडून घेणें उपजतच आवडतें. हा युक्तिवाद आम्हांस लंगडा वाटतो. लांडगीण विते तेव्हां आणि पिलें लहान असतात तोंवर बिळाचा आश्रय करते. एरव्हीं मोठे लांडगे उघड्यावरच निजतात. शिवाय लांडग्याच्या बिळास चेन नसते. स्वीडन देशांत तर प्रवास, प्रदर्शनें, स्पर्धा अशा प्रसंगांखेरीज कुत्र्यास पिंजऱ्यांत ठेवण्यास नियमांची बंदी आहे. तेव्हां आवड उपजत असते असें समजूं नये. ती लावावी लागते.

ती लावण्यास आम्हांस पुरे सहा आठवडे लागले. नवें घर आणून आम्हीं तें बैठकीच्या कोंपऱ्यांत उभें केलें, दार वर गुंडाळून बांधलें, आणि आठ दिवस त्याचें नांवही काढलें नाहीं. मग जेवणाचें भांडें दाराबाहेर हातभर अंतरावर ठेवूं लागलों. तें रोज वीतभर पुढें सरके. बाराव्या दिवशीं भुऱ्यानें पुढचे दोन पाय आंत ठेवून भाकरी खाल्ली, मागचे दोन मात्र पळण्याच्या तयारींत बाहेर राहिले. त्यानंतर चार पाय आंत आले. मग चेन अर्धी लावून लगेच उघडली. मग पुरी लावून दहा आंकडे मोजले. मग मिनिट, मग पांच मिनिटें, तींही आम्ही समोर बसून. कुरकुरला कीं दुसऱ्या दिवशीं आम्ही एक पायरी मागें येत असूं. रागावून त्यास एकदांही आंत धाडलें नाहीं. कारण जें घर शिक्षेचें ठिकाण झालें तें पुन्हां घर होत नाहीं. पांचव्या आठवड्यांत एका दुपारीं आम्ही लिहीत बसलों असतां मागें सुस्कारा ऐकूं आला. वळून पाहिलें, तों भुऱ्या कोणीं न सांगतां आंत जाऊन पाय पसरून निजला होता. दार उघडेंच होतें.

हें दुसरें घर घेतांना डोळे उघडे ठेवले होते. जाळी घट्ट विणीची आहे काय, चेन शेवटास अडकविण्यास कडी आहे काय (हुषार कुत्रें नाकानें चेन सरकवितें), नळ्यांचे सांधे पक्के बसतात काय, तळाचें कापड ओलावा झिरपूं देत नाहीं आणि काढून धुतां येतें काय, हें सर्व पाहिलें. दोन बाजूंस दारें असलेलें निवडलें. एक दार भिंतीकडे गेलें तरी दुसरें कामास येतें.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांत जिवाचा प्रश्न आहे. धांवत्या मोटारींत हें घर संरक्षण देत नाहीं. धक्का बसला तर कापड काय सांवरणार? म्हणून प्रवासांत भुऱ्या छातीच्या पट्ट्यानें आसनाशीं बांधलेला असे आणि घर डिकींत. विमानाच्या सामानकक्षांतूनही जनावर न्यावयाचें तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें टणक पिंजराच लागतो. दुसरी गोष्ट उन्हाची. कुत्रें आपली उष्णता मुख्यतः धापा टाकून घालवितें. हवा खेळती नसेल तर तो उपायही थकतो. नायलॉनचें घर उन्हांत ठेवलें तर भट्टी होतें. सांवली, चारी खिडक्या उघड्या आणि आंत पाण्याचें भांडें, एवढें नसेल तर घर उभारूंच नये.

माघांत आम्ही गांवीं पोंचलों. ओटीच्या कोंपऱ्यांत घर उभें राहिलें, भुऱ्यानें सर्व बाजूंनीं तें हुंगलें आणि आपल्याच गादीचा वास ओळखून आंत जाऊन बसला. माणसें आलीं कीं आम्ही चेन लावीत असूं. गेलीं कीं उघडीत असूं. तो भुंकला नाहीं. परंतु आमचें लक्ष त्याच्याकडे राहिलेंच नाहीं; तें आईकडे लागलें. माजघरांत तिच्यासाठीं भाड्यानें आणलेला रुग्णालयी पलंग होता, त्यास दोन्ही बाजूंनीं लोखंडी कठडे. रात्रीं ती पडूं नये म्हणून ते वर करून ठेवीत. बहीण म्हणाली, "हल्लीं ती बोलत नाहीं रे. रात्रभर कठड्याला धरून बसते."

पलंगावरून माजघराच्या दारांतून ओटी दिसत असे. तीन दिवस आई भुऱ्याकडे पाहत होती. चौथ्या दिवशीं रात्रीं आम्हीं कठडा वर करण्यास हात लावला, तशी ती म्हणाली, "त्याचें दार उघडें ठेवतोस. माझें कां लावतोस?"

आम्हांस बोलवेना. ज्यास बोलतां येत नाहीं त्याच्यासाठीं आम्हीं सहा आठवडे हातभर अंतरें वीतभरानें कमी केलीं होतीं, आणि जी बोलूं शकत होती तिला कोणीं विचारलेंही नव्हतें. त्या रात्रीं आम्हीं पलंग शक्य तितका खालीं केला, एका बाजूचा कठडा उतरविला, खालीं गादी टाकली आणि त्या गादीवर आम्हीच निजलों. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांस विचारलें. ते म्हणाले कीं, कठडा ओलांडण्याच्या धडपडींत माणूस अधिक उंचीवरून पडतो. पलंग खालीं असावा, रात्रीं दिवा असावा आणि हांकेच्या अंतरावर कोणी असावें, हें उत्तम. रात्रीं उठावेंसें वाटलें कीं आई आमच्या खांद्यास हात लावी. ती एकदांही पडली नाहीं.

शिमग्याच्या सुमारास ती वॉकर धरून ओटीपर्यंत येऊं लागली. भुऱ्यास ती स्पर्श करीत नसे. भाकरीचा तुकडा मात्र दुरून टाकी, आणि 'मेला किती खातो' असें म्हणे. माजघराचा उंबरा त्यानें ओलांडावयाचा नाहीं, हा निर्बंध कायम होता. भुऱ्यासही तो कळला असावा. उंबऱ्याशीं येऊन तो थांबे आणि हनुवटी त्यावर टेंकून बसे.

चैत्रांत ओटी दुपारीं तापूं लागली. एके दिवशीं आम्ही जेवून उठत होतों, इतक्यांत आई आंतून म्हणाली, "अरे, तिकडे ऊन आलें. त्याचें तें बिऱ्हाड आंत घे."

आम्हीं घर उचलून माजघरांत, पलंगाच्या पायथ्याशीं ठेविलें. भुऱ्या उंबऱ्याशीं थांबून आईकडे पाहत राहिला. "ये," ती म्हणाली, आणि तो आला. चेन लावावी काय, असें आम्हीं तिला विचारलें. तिनें हातानेंच नको म्हटलें आणि कूस वळवून डोळे मिटले.