ब्रिगहून मातमार्ककडे

डोमोदोसोला मागे पडलं की गाडी लवकरच सिम्प्लॉनच्या बोगद्यात शिरते. जवळजवळ २० किलोमीटर काळोख, आणि मग स्वित्झर्लंडमधलं ब्रिग. पर्यटकांना इथून झेरमॅटची घाई असते. मी मात्र फलाटावर रेंगाळले.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीचे मजूर गाड्या भरभरून इथे उतरत. आधी आरोग्य तपासणी: उघड्या अंगाने रांगेत उभं राहायचं, छातीचा एक्स-रे काढून घ्यायचा. धडधाकट ठरलेल्यालाच पुढे सोडत. हंगामी परवाना नऊ महिन्यांचा, बायकामुलांना आणायला बंदी. वार्षिक परवाना असला, तरी कुटुंब आणायला ३६ महिने थांबावं लागे.

ही मुदत कमी व्हावी म्हणून इटलीने नेट लावला, तर परक्यांची गर्दी वाढेल या धास्तीने स्विस सरकार हात आखडता घेत होतं. १९६१ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी काही वर्षं रखडल्या. अखेर १० ऑगस्ट १९६४ रोजी रोममध्ये करारावर सह्या झाल्या आणि ३६ चे १८ महिने झाले, तेही राहायला योग्य घर असेल तरच. हंगामी मजुरांची ताटातूट तशीच राहिली. एवढ्या सवलतीनेही स्वित्झर्लंडमध्ये गदारोळ उठला.

दीड वर्षात मूल चालायला-बोलायला लागतं. म्हणून कित्येकांनी मुलं चोरून आणली. आई-बाप कामावर गेले की दार बाहेरून बंद. खिडकीपाशी जायचं नाही, रडायचं नाही, बूट वाजवायचे नाहीत. शेजाऱ्याने तक्रार केली तर पोलीस येणार. अशी मुलं हजारोंनी होती. हा निव्वळ अन्याय होता, आणि तो कायद्याने चालवला होता.

ब्रिगजवळच्या फिस्पहून पिवळ्या पोस्टबसने सासच्या खोऱ्यात चढत मातमार्कच्या धरणापाशी पोहोचता येतं. मातीची प्रचंड भिंत, तिच्या मागे हिरवट पाणी. हे धरण बांधणाऱ्यांत इटालियन मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांच्या बराकी अलालीन हिमनदीच्या थेट खाली उभारलेल्या. ३० ऑगस्ट १९६५ च्या संध्याकाळी हिमनदीचा कडा कोसळला. ८८ माणसं गाडली गेली. त्यांतली ५६ इटालियन. करार प्रत्यक्ष लागू होऊन जेमतेम चार महिने झाले होते.

या दुर्घटनेचा खटला १९७२ मध्ये उभा राहिला. सतराच्या सतरा आरोपी निर्दोष सुटले. मृतांच्या नातेवाइकांनी अपील केलं, तेही फेटाळलं गेलं, आणि कोर्टाचा निम्मा खर्च त्यांच्याच माथी मारला गेला.