दारावरचा नकार, शर्टाखालचं पिस्तूल

पुण्या-मुंबईत मॉलमध्ये शिरताना आपण काय करतो? पर्स उघडून टेबलावर ठेवतो. गार्ड आत बघितल्यासारखं करतो. पडद्याआडची ताई डिटेक्टर अंगावरून फिरवते, किल्ल्यांमुळे तो पिकपिक करतो, ती मान हलवते आणि आपण एसीत! २००८ च्या २६/११ नंतर हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की, कुणी थांबवलं नाही तर आपल्यालाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. या रांगेत पुढच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असेल, असं मात्र आपल्या मनातही येत नाही.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बरोब्बर उलटं आहे. तिथे मॉलच्या दारात पर्स कुणी बघत नाही. गार्ड नाही, डिटेक्टर नाही, पडदा नाही. आणि आत फिरणाऱ्या गर्दीत काहींच्या शर्टाखाली भरलेलं पिस्तूल असू शकतं, तेही कायदेशीर. ज्या दुकानदाराला हे नको असेल, त्याने काय करायचं? काचेवर पाटी लावायची. बस्स. पुढचं सगळं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर.

डॅलसजवळच्या प्लेनोमध्ये माझा मावसभाऊ राहतो. त्याच्याकडे मी दीड महिना मुक्कामाला होते. या पाट्यांच्या प्रेमात पडायला तेवढे दिवस पुरे झाले. आणि एका पाटीवरून भावाशी वाजायलाही.

तीन पाट्यांची काच

तर पाटीचा फंडा असा आहे. टेक्सासमध्ये लपवून पिस्तूल बाळगायचा परवाना १९९६ पासून मिळायला लागला. मग प्रश्न आला, दुकानदाराला नको असेल तर? त्यासाठी दंडसंहितेत एक कलम आलं, ३०.०६. पाटीवर काय लिहायचं ते कायद्यानेच ठरवून दिलंय, शब्दन् शब्द. मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत हवा, अक्षरं किमान १ इंच उंच हवीत, रंग उठून दिसणारे हवेत. आपल्याकडे पिस्तुलाच्या चित्रावर लाल काट मारली की काम झालं असतं. तिथे परवानाधारकाला अडवायला नुसतं चित्र पुरत नाही.

२०१६ पासून परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे कमरेला लावून फिरायची मुभा मिळाली. त्यासाठी दुसरी पाटी, ३०.०७. मग सप्टेंबर २०२१ मध्ये परवान्याचीच सक्ती गेली. वय २१ पूर्ण असेल आणि कायद्याने बंदी नसेल, तर परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. त्यांच्यासाठी तिसरी पाटी, ३०.०५. म्हणजे ‘बाबांनो, माझ्या दुकानात बंदूक नको’ एवढं एक वाक्य नीट म्हणायला दुकानदाराला तीन पाट्या लागतात!

आणि पाटी दिसूनही कुणी पिस्तूल आत नेलं तर? दंड, जास्तीत जास्त २०० डॉलर. तोंडी सांगितल्यावरही तो बाहेर गेला नाही, तर मात्र प्रकरण गंभीर. १ वर्षापर्यंत तुरुंग, ४,००० डॉलरपर्यंत दंड. पण तोंडी सांगायला आधी कळायला तर हवं. शर्टाखालचं कळणार कसं?

दादाची बाजू

माझा भाऊ काही सिनेमातला काउबॉय नाही. नाशिकचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, रविवारी पोरीला पोहायच्या क्लासला नेणारा. पिस्तूल त्याने उगाच घेतलेलं नाही. २०१६ साली रात्री अकराच्या सुमारास, त्याच्याच अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, एकाने त्याच्या डोक्याला पिस्तूल लावून पाकीट आणि फोन काढून घेतला. मागच्या सीटवर वहिनी आणि आठ महिन्यांची मुलगी. चाळीस सेकंदांचा खेळ असेल, पण दादा ते सांगताना अजूनही हातातला चमचा खाली ठेवतो.

एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले, तर बंदूक बाळगता येत नाही. दादाचं तोवर ग्रीन कार्ड झालेलं होतं. त्याने रीतसर क्लास केला, ५० गोळ्यांची नेमबाजीची परीक्षा दिली, परवाना काढला. सक्ती गेल्यावरही तो परवाना त्याने चालू ठेवलाय. घरात पिस्तूल बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेटीत असतं. एवढी शिस्त त्याने एलआयसीच्या हप्त्यांतसुद्धा दाखवली नसेल.

त्याच्या ऑफिसात शस्त्रं बंद. पण टेक्सासचा २०११ चा एक कायदा सांगतो की, बहुतेक कंपन्यांना कर्मचाऱ्याच्या कुलूपबंद गाडीतली बंदूक पार्किंगमध्ये अडवता येत नाही. त्यामुळे नऊ ते सहा दादा क्यूबिकलमध्ये आणि पिस्तूल गाडीतल्या लॉकबॉक्समध्ये. आपल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये अशी एखादी गाडी उभी आहे, अशी कल्पना करून बघा जरा!

मी हसले तेव्हा दादाने मला किलीनची गोष्ट सांगितली. १६ ऑक्टोबर १९९१. टेक्सासमधल्या किलीन गावात लूबीज नावाच्या कॅफेटेरियात एक माणूस ट्रक घुसवून आत आला आणि त्याने २३ जणांना मारलं. सुझाना हप नावाची तरुणी आईवडिलांसोबत तिथे जेवत होती. तिच्याकडे रिव्हॉल्व्हर होतं, पण गाडीत. तेव्हाच्या कायद्याने ते सोबत नेता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत वडील गेले, आईही गेली. पुढे तिने ठिकठिकाणी साक्षी दिल्या, १९९६ साली ती टेक्सासच्या विधिमंडळात निवडूनही आली. परवान्याचा कायदा १९९५ मध्ये झाला, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश होते.

“आता सांग,” दादा म्हणाला, “त्या दारावर पाटी असती आणि तिने ती पाळली नसती, तर तू तिला नावं ठेवली असतीस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर अजूनही पूर्ण नाही. पण २०१४ मधली लास व्हेगासची घटनाही मला माहीत होती. ८ जूनला दोन पोलिसांना मारून एक हल्लेखोर जोडपं वॉलमार्टमध्ये शिरलं. तिथे पिस्तूल बाळगणारा एक ग्राहक त्या पुरुषाला अडवायला पुढे झाला. मागे उभी असलेली बाई त्याच्याच साथीला आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिने त्याला गोळी घातली. धाडस तेच, शेवट उलटा. दुकानात पिस्तूल असल्याने काय होईल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. दादालाही नाही, मलाही नाही.

काकांची पाटी

आता वाजलं कुठे ते सांगते. दादाच्या घरापासून दहा मिनिटांवर एका मराठी काका-काकूंचं छोटंसं दुकान आहे. पुढे किराणा, बाजूला चार टेबलं, शनिवारी मिसळ. काचेवर त्या तिन्ही पाट्या, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. त्यापायी दिवाळी फराळाच्या ऑर्डरचा कागद काकांना खाली, पार गुडघ्याएवढ्या उंचीवर चिकटवावा लागला होता.

आम्ही गेलो. वरच्या फळीवरची मेतकुटाची बरणी काढायला दादाने हात वर केला, टीशर्ट वर सरकला आणि मला दिसलं. मलाच. काका काउंटरवर कोथिंबिरीच्या जुड्या मोजत होते. मागच्या खोलीत मुलांचा तबल्याचा क्लास चालू होता.

“दादा, दारावर पाटी आहे,” मी गाडीत बसल्यावर म्हटलं.

“माहितीय.”

“मग?”

“अगं, काकांना दिसत नाही ना? मग त्यांचं काय बिघडलं? मी काय दुकान लुटायला गेलो होतो? उलट उद्या कुणी लुटायला आलं तर मी त्यांना वाचवीन.”

हा युक्तिवाद तिथे अनेकांच्या तोंडी आहे. लपवायचं ते नीट लपवायचं, म्हणजे प्रश्नच उरत नाही. आणि खरं सांगू? दादाच्या हेतूवर मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

मला खटकलं ते वेगळंच. दादाकडे घरात शिरताना सगळे बूट बाहेर काढतात. त्याचे अमेरिकन मित्रसुद्धा. कुणी बूट घालून आत आलं आणि ‘अरे, तळवे स्वच्छ आहेत माझे’ म्हणालं, तर दादा त्याला ऐकवेल. तळव्यांचा प्रश्नच नाही मुळी, घर कुणाचं हा प्रश्न आहे. काकांनी पाटी दादासारख्या सज्जनांसाठीच लावलीय, कारण दरोडेखोर पाटी वाचत नाही, हे काकांनाही कळतं. ‘मला वाचवायला कुणी हवंय का’ हे ठरवायचा हक्क त्यांनी त्या पाटीवर स्वतःकडे ठेवला होता. तो दादाने त्यांच्या नकळत काढून घेतला, तोही त्यांच्याच भल्यासाठी!

मी हे काकांना जाऊन सांगणार नव्हते. चहाडी करायला मी तिथे गेले नव्हते. दादाला एवढंच म्हटलं, “तुला इतकी खात्री आहे ना, मग काकांना विचार. हो म्हणाले तर प्रश्नच मिटला.”

घरी पोचेपर्यंत तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वहिनी हळूच म्हणाल्या, “बरं झालं बोललीस. मी बोलले की त्यांना वाटतं, मी ती रात्र विसरले.”

मौन म्हणजे काय?

हा वाद फक्त आमच्या घरातला नाही. अख्खी अमेरिका यात अडकलीय. पेनसिल्वेनियासारख्या राज्यांत दुकानाच्या अशा पाटीला स्वतंत्र कायद्याचं बळ नाही. मालकाने ‘बाहेर जा’ म्हटल्यावर गेला नाहीत, तरच गुन्हा. मोठ्या कंपन्याही जपून पावलं टाकतात. स्टारबक्सने २०१३ मध्ये ग्राहकांना जाहीर पत्र लिहून ‘बंदुका आणू नका’ अशी विनंती केली, सरसकट बंदी नाही घातली. ३ ऑगस्ट २०१९ ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये हल्ला झाला, त्यात २३ जीव गेले. त्यानंतर वॉलमार्टने विनंती केली ती उघडपणे दिसणाऱ्या बंदुकांबद्दल. परवाना घेऊन लपवलेल्यांना त्यातून वगळलं.

मग २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की, घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा घटनात्मक हक्क आहे. त्यावर हवाईने २०२३ मध्ये डोकं लढवलं. तिथल्या कायद्याने दुकानात बंदूक न्यायला मालकाची स्पष्ट परवानगी लागेल असं ठरवलं. पाटी नसेल तर उत्तर ‘नाही’. टेक्सासमध्ये पाटी नसेल तर उत्तर ‘हो’. आपण म्हणतो ना, मौन म्हणजे संमती? टेक्सास ते मानतं, हवाईने मानलं नाही. यावरचा खटला २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुनावणीला घेतला.

मौनाबद्दल कोर्ट काहीही म्हणो, काका तर गप्प नव्हतेच. त्यांनी १ इंच अक्षरांत, दोन भाषांत, तीनदा सांगितलं होतं.

या सगळ्याला भीतीची एक काळी किनार आहे, ती विसरून चालणार नाही. ६ मे २०२३ ला प्लेनोच्या शेजारच्याच ॲलन गावात आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला, ८ जण गेले. त्यात तेलंगणातून आलेली एक तरुण इंजिनिअर होती, आपल्यासारखीच शनिवारच्या शॉपिंगला निघालेली. त्या मॉलमध्ये वहिनी अजून जात नाहीत. दादा जातो, पण पिस्तुलाशिवाय नाही. एकाच घरात एकाच भीतीची ही दोन उत्तरं. त्यातलं कुठलं बरोबर, हे पुण्यात बसून ठरवायला आपलं काय जातं?

मग दादाने विचारलं

मी परतल्यावर तीन आठवड्यांनी दादाचा फोन आला. त्याने काकांना विचारलं होतं. सरळ सांगितलं, माझ्याकडे असतं, परवाना आहे, आत आणलं तर चालेल का?

काका म्हणाले, “नको रे. मागे पोरं असतात.” मग म्हणाले, “तुला अडचण असेल तर फोन करत जा. काकू सामान गाडीपाशी आणून देईल.”

दादाला ते लागलं. जवळजवळ महिनाभर तो दुसऱ्या दुकानात गेला. तिथलं मेतकूट वाईट होतं म्हणून म्हणा किंवा आणखी कशाने, पण आता पुन्हा काकांकडे जातो. कधी गाडीत बसून फोन करतो आणि भर ऑगस्टच्या उन्हात काकू पिशवी घेऊन बाहेर येतात. कधी तो आत जाऊन मिसळ खातो. त्या दिवशी पिस्तूल घरच्या पेटीत असतं, असं तो सांगतो.

वहिनींना मी विचारलं, “काका कधी खात्री करून घेतात का?”

“छे! ते फक्त विचारतात, तर्री किती घालू?”