हंगाम आणि हंगामी

फारसीतून मराठीत आलेल्या शब्दांपैकी काही शब्द इतके रुळले आहेत की त्यांचे परकेपण आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. 'हंगाम' हा त्यांपैकी एक. फारसीत त्याचा अर्थ वेळ, काळ. मराठीत आल्यावर तो प्रथम शेतात उतरला. खरिपाचा हंगाम, रब्बीचा हंगाम, आंब्याचा हंगाम, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. या साऱ्या प्रयोगांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. हंगाम संपतो, पण संपतो तो पुन्हा येण्यासाठीच. यंदा पाऊस दगा देईल, मोहोर गळेल, भाव पडेल. परंतु पुढचा हंगाम मुळात येईल की नाही, अशी शंका शेतकऱ्याच्या मनास शिवत नाही. गंमत अशी की, याच शब्दाला एक 'ई' जोडली की अर्थ जवळजवळ उलटा होतो. हंगामी कामगार, हंगामी नेमणूक, हंगामी अध्यक्ष: आज आहे, उद्याचा भरवसा नाही. एकाच मुळातून पुनरागमनाची खात्रीही निघावी आणि अशाश्वतीही, हा भाषेचा खेळ मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. शेजारच्या कन्नडात 'हंगामु' आणि 'हंगामी' हे दोन्ही शब्द याच दोन अर्थांनी नांदतात.

हा शब्दविचार सुचण्याचे कारण विद्वत्तेचे नाही. मी हॉकीची जुनी प्रेक्षक आहे, आणि माझ्या संघाच्या पुढच्या हंगामाची वाट पाहता पाहता या दोन शब्दांच्या मध्ये कोठेतरी अडकले आहे.

सध्या माझे वास्तव्य बंगळुरात, मारतहळ्ळी येथे आहे. अभ्यागत प्राध्यापक म्हणून येथे आले. नेमणूक वर्षाची, पुढे वाढली तर वाढली. म्हणजे मीही हंगामीच. मारतहळ्ळी हे नाव मराठी कानाला ओळखीचे वाटते आणि नवा आलेला मराठी माणूस त्यात 'मराठा' शोधू लागतो. जवळच्या विमान कारखान्यात घडलेल्या, १९६१ साली प्रथम आकाशात झेपावलेल्या 'मरुत' या लढाऊ विमानाशी या नावाचा संबंध जोडणारेही भेटतात. दोन्ही व्युत्पत्ती लोकांच्या तोंडच्या. व्युत्पत्तिशास्त्राने त्यांकडे सावधपणे पाहावे हे बरे. मला मात्र त्यांतून एवढे कळले की माणूस जेथे जातो तेथे आपले काहीतरी हुडकतो. मी येथे हॉकी हुडकली. हे शहर हॉकीचे आहेच. भारताच्या संघांची सराव शिबिरे वर्षानुवर्षे याच शहरात, पश्चिमेच्या टोकाला असलेल्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात भरतात. २०२०च्या टाळेबंदीत पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही राष्ट्रीय संघ तेथेच अडकून राहिले होते. परंतु आज देशात जी व्यावसायिक साखळी स्पर्धा चालते, तीत बंगळुराचा संघ नाही. मुंबईचा नाही, पुण्याचाही नाही.

माझे बालपण पुण्यात, खडकीच्या आसपास गेले. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत एका तमिळ कुटुंबात १९६८ साली जन्मलेला धनराज पिल्ले मोडक्या काठ्या जोडून खेळायला शिकला आणि पुढे १९९२ ते २००४ अशा सलग चार ऑलिंपिक स्पर्धांत देशाकडून खेळला, ही कथा आमच्या भागात पुराणकथेसारखी सांगितली जाई. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली आणि तीत 'मराठा वॉरियर्स' नावाचा संघ धनराजला घेऊन उतरला, तेव्हा मला प्रथमच 'माझा संघ' असे म्हणता आले. ती स्पर्धा २००८ नंतर भरली नाही. २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी आली. तीत 'पुणे स्ट्रायकर्स' अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि पंजाबच्या संघाकडून हरला. त्याच स्पर्धेत आमचा धनराज त्रेचाळिसाव्या वर्षी कर्नाटकाच्या संघातून खेळला. तमिळ घरातला, मराठी मुलखात वाढलेला खेळाडू कन्नड मुलखाच्या वेषात. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला याहून बोलके उदाहरण कोठे मिळावे? ती स्पर्धा तर एकाच वर्षात आटोपली.

२०१३ साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली. मुंबईचा 'मॅजिशियन्स' हा संघ पहिल्या वर्षी पाचांत पाचवा आला आणि दोन हंगामांनंतर दिसेनासा झाला. त्याच्या जागी २०१५ मध्ये 'दबंग मुंबई' आला. नाव ऐकून प्रथम मी नाक मुरडले होते, हे खरे. परंतु संघाशी जडणारा जिव्हाळा नावावर अवलंबून नसतो. जर्मनीचा फ्लोरियन फुक्स, आयर्लंडचा गोलरक्षक डेव्हिड हार्ट आणि पंजाबातून आलेला, तेव्हा विशीही न गाठलेला हरमनप्रीत सिंग, ही सारी मंडळी चर्चगेटच्या मैदानावर मुंबईची म्हणून खेळत आणि आम्हांला ती मुंबईचीच वाटत. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी, रविवारी, चंडीगडला अंतिम सामना झाला. दुसऱ्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन. त्यासाठीच्या व्याख्यानाचे कागद समोर पसरून मी दूरदर्शन संचापुढे बसले होते. कलिंग लान्सर्सने आमचा ४–१ असा पराभव केला. मी संच बंद केला आणि कोणत्याही प्रेक्षकाने म्हणावे तेच मनाशी म्हटले: हरकत नाही, पुढच्या हंगामात पाहू.

तो पुढचा हंगाम आलाच नाही. २०१८ची स्पर्धा भरली नाही, त्यापुढचीही नाही. सात वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर २८ डिसेंबर २०२४ रोजी राउरकेला येथे स्पर्धा पुन्हा उभी राहिली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत मुंबईचे नाव नव्हते. हरमनप्रीत एव्हाना भारताचा कर्णधार झाला होता, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा गोल करून संघाला कांस्यपदक मिळवून देऊन आला होता. आता तो 'सूरमा' या संघाकडून खेळू लागला. आणि नव्या स्पर्धेचा दुसरा हंगाम सुरू होण्यापूर्वीच उत्तर प्रदेशाच्या संघाने अंग काढून घेतले.

पराभवाचे दुःख मला फारसे नाही. पराभव हा कथेचा भाग असतो आणि उत्तम कथा बहुधा पराभवाच्याच असतात. खंत आहे ती कथा मध्येच तुटल्याची. आपल्या संस्कृतीत निरोप घेण्याची रीत फार विचारपूर्वक घडलेली आहे. गणपती बोळवताना आपण त्याला पुढच्या वर्षी लवकर यायला बजावतो. घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पंढरीहून परतणारा वारकरी पुढच्या आषाढीचा शब्द मनोमन देऊनच पाऊल उचलतो. या सर्व ठिकाणी वियोग सुसह्य होतो तो परतीची तिथी पंचांगात लिहिलेली असते म्हणून. व्यावसायिक क्रीडास्पर्धेने प्रेक्षकाकडून वारकऱ्याची निष्ठा मागितली, पण पंचांग मात्र स्वतःच्या हाती ठेवले. जमाखर्च जुळला नाही की आषाढीच रद्द.

मारतहळ्ळीतील माझे शेजारी कोडगू जिल्ह्यातले, विमान कारखान्यातून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ आहेत. कारखान्याच्या संघातून ते एके काळी हॉकी खेळत. माझी ही तक्रार ऐकून त्यांनी शांतपणे विचारले, "मॅडम, तुमचा संघ विकता येत होता ना? मग तो तुमचा कसा?" त्यांचा रोख मला कळला. कोडगूत १९९७ पासून कोडवा कुटुंबांची हॉकी स्पर्धा भरते. तेथे संघाचे नाव म्हणजे घराण्याचे नाव. आजोबा, सून, नात, नोकरीसाठी परगावी गेलेला मुलगा, सारे एका संघात. दरवर्षी यजमानपद निराळ्या घराण्याकडे जाते. पहिल्या वर्षी साठ घराणी उतरली होती. २०२४ साली नापोक्लु येथे तीनशे साठ संघ आले. मध्यंतरी पूर आणि महामारी यांमुळे चार वर्षे खंड पडला होता. २०२३ साली स्पर्धा जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू झाली. घराणे विकता येत नाही, म्हणून संघही बुडत नाही. हा खरा हंगाम, शेतीच्या अर्थाचा.

त्यांचे म्हणणे मला पटले, पण संपूर्ण पटले नाही. कारण घराण्याच्या संघाला घराण्याबाहेरचा प्रेक्षक आपले म्हणू शकत नाही. त्यांच्या तारुण्यातील कारखान्यांचे, सैन्यदलांचे, रेल्वेचे, बँकांचे संघ घ्या. त्या व्यवस्थेत खेळाडूला कायमची नोकरी होती, निवृत्तिवेतन होते. धनराजही आधी महिंद्राकडे आणि मग इंडियन एअरलाइन्सकडे होता. खेळाडू कायम, पण शहराला 'हा आमचा' असे म्हणण्याची सोय थोडी. साखळी स्पर्धेने ती सोय केली, खेळाडूच्या हाती चार पैसे दिले, घराघरांत खेळ नेला. आणि संघालाच हंगामी करून टाकले. एका व्यवस्थेत उपजीविका टिकली, दुसरीत आपलेपणा उमलला. दोहोंचा मेळ अद्याप कोणाला घालता आलेला नाही.

या सर्वांतून एक दृश्य माझ्या मनात राहिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये रांचीला महिलांची पहिली साखळी स्पर्धा झाली. संघ चारच. अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्सने सूरमा संघाचा २–१ असा पराभव केला आणि ते दोन्ही गोल सातारा जिल्ह्याच्या ऋतुजा पिसाळ हिने केले. मारतहळ्ळीच्या खोलीत मी एकटीच टाळ्या वाजवीत होते. गोल ओडिशाच्या खात्यात गेले, याचे मला वाईट वाटले नाही. परमुलखात जाऊन तेथले काम आपले समजून करणे, हे मला परके नाही. मी स्वतः तेच करते. वाटले ते निराळे. साताऱ्याच्या माणदेशी माळावर आज काठी हाती धरणाऱ्या एखाद्या मुलीने, आपण मोठेपणी कोणत्या संघातून खेळायचे, असे विचारले, तर तिला सांगण्याजोगे एकही नाव आपल्यापाशी नाही.

पुढच्या हंगामाकडून माझी अपेक्षा म्हणून फार मोठी नाही. मुंबईला, पुण्याला किंवा या माझ्या तात्पुरत्या शहराला एक संघ मिळावा. तो महिलांचाही असावा. त्याला चषक मिळाला नाही तरी चालेल. पहिल्या वर्षी तो तळाला राहिला तरी मी कुरकुर करणार नाही. मात्र त्याने दहा वर्षे टिकावे, इतके की एखाद्या मुलीला त्याचा रंग आठवणीत ठेवून वयात येता यावे. शेवटच्या सामन्यानंतर दिवे मालवताना पुढल्या वर्षीची तारीख फलकावर लिहिलेली असावी. माझ्या नेमणुकीची मुदत येत्या मे महिन्यात संपते. ती वाढेल न वाढेल. मी येथे असले तर शेजाऱ्यांना घेऊन जाईन, नसले तर जेथे असेन तेथून पाहीन. हंगामी माणसाने हंगामाची आशा धरावी, यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. पेरणी करणाऱ्यांतही पुष्कळजण दुसऱ्याच्या शेतात राबणारे असतात.