आवाज कुठून येतो? : कसबा पेठेतील एक रविवार

पुण्याची कसबा पेठ डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी ऐकावी. शहरातली ही सर्वांत जुनी वस्ती. 29 सप्टेंबर 2024 पासून तिच्या पोटातून मेट्रोही धावते. पण फडके हौदाकडून तांबट आळीत शिरले की आजही तांब्यावर पडणारा हातोडा ऐकू येतो. पूर्वीइतक्या भट्ट्या आता नाहीत, पण तो ठोका बंद पडलेला नाही. घंगाळे, हंडे, पाण्याचे बंब यांवर एकाला लागून एक ठोके घालण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी पत्रा नुसता सुंदर दिसत नाही, तो कठीण होतो. ठोका भरीव पडला की पोकळ, हे जुना कारागीर मान वर न करता सांगतो. पुढे कुंभारवाड्यात जा. तिथे आयाबाया माठ विकत घेण्याआधी बोटाने वाजवून पाहतात. थोडक्यात, वस्तूचे दुखणे तिच्या आवाजावरून ओळखण्याची विद्या या पेठेला नवी नाही. तिचा उपयोग आमच्या मामांच्या जीपला कसा झाला, तेच आज वाचकांना सांगायचे आहे.

मामा पानशेतच्या पलीकडे एका वाडीत राहतात. त्यांच्याकडे विलीजच्या वळणाची जुनी डिझेल जीप आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत सुटे भाग जोडून विलीज जीप तयार करायला सुरुवात केली. युद्धासाठी बनलेली ही गाडी पुढे आपल्याकडे शेतीची, जंगलखात्याची आणि डोंगरातल्या वाड्यांची गाडी झाली. मामांच्या वाडीत तर तीच दुधाची गाडी आणि तीच दवाखान्याची गाडी. पावसाळ्यात ओढा ओलांडून बाळंतिणीला न्यायचे तर दुसरे साधन नाही.

या जीपमध्ये महिनाभरापासून खालून ‘खट्ट’ असा आवाज येत होता. जवळच्या गावातल्या एका गॅरेजवाल्याने जीपखाली न जाताच निकाल दिला, “मागच्या हौसिंगमधला क्राऊन-पिनियन गेला. सगळा बदला.” त्याने सांगितलेला आकडा ऐकून मामांची झोप उडाली. धाकटीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे घरात होते, तेवढेच. म्हणून मामांनी ठरवले की बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वापरलेला क्राऊन-पिनियन शोधायचा. आमची मावशी कसब्यात राहते, तिच्याकडे मुक्काम करायचा. जीप धाकटीनेच चालवत आणली.

रविवारी सकाळी बाजारात जाण्याआधी मावशीच्या ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींना जीप दाखवली. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारले, “आवाज कधी येतो?”

मामा म्हणाले, “सारखाच येतो की.”

“सारखा येत नसतो, मामा. गाडी रोज कोण चालवतं?”

धाकटी पुढे झाली. तिने सांगितले, “पहिल्या गिअरात क्लच सोडला की एकदा. रिव्हर्स टाकला की एकदा. चालत्या गाडीत ॲक्सिलेटर सोडून परत दिला की एकदा. खड्ड्यातून नुसती गेली तर नाही. आणि महिन्याभरापूर्वी, ओढ्याचं पाणी उतरल्यावर, आधी चिमणीसारखी चिवचिव यायची. ती थांबली आणि हे सुरू झालं.”

मिस्त्री हसले. “निम्मं काम हिनेच केलं,” म्हणाले.

ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये, तिथून प्रोपेलर शाफ्टमधून हौसिंगमध्ये आणि मग चाकांत जाते. या साखळीत कुठे सैलपणा आला, की ताकदीची दिशा बदलताच तो भाग एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटतो. म्हणून क्लच सोडताना किंवा ॲक्सिलेटर देता-घेताना येणारा ‘खट्ट’ हा या साखळीतला समजावा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल आणि गाडी फक्त खड्ड्यातून ढकलली तरी आवाज येत असेल, तर तो पाट्यांच्या बुशांचा किंवा शॉकॲब्सॉर्बरचा. डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळून ठोके देत असेल, तर आधी फोर बाय फोरचा दांडा पाहावा. अशा जीपमध्ये पुढची आणि मागची चाके घट्ट जोडली जातात. वळताना दोन्हींचे अंतर सारखे नसते. चिखलात चाके घसरून फरक भरून काढतात. डांबरावर ते जमत नाही आणि सगळी यंत्रणा पीळ भरल्यासारखी ताणते. तो बिघाड नव्हे, वापरातली चूक. मामांना ती सवय होती, हेही त्या दिवशी कळले.

मग मिस्त्री जीपखाली गेले. पण आधी त्यांनी सपाट जागा पाहिली आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावले. हे काम टाळू नये, त्याला कारण आहे. विलीजच्या जातीच्या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट काढला की हातब्रेक ओढलेला असला तरी जीप मोकळी! मागचे एक चाक जॅकवर उचलले तरी ते हवेत उलटे फिरते आणि गाडी सरकू शकते. केवळ हातब्रेकवर विसंबून गाडीखाली झोपणे म्हणजे जिवाशी खेळ.

इंजिन बंद ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून त्यांनी मागचा शाफ्ट हाताने पिळला. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. एका बाजूचे बेचकीसारखे कान आणि दुसऱ्या बाजूचे कान यांना तो सांधतो आणि गाडी वरखाली झाली तरी ताकद पुढे पाठवतो. इटलीच्या कार्दानोचे नाव या सांध्याला मिळाले. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्यावर काम केले. पुढच्या टोकाशी एक कान हलत होता, दुसरा स्थिर होता. क्रॉसच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसली. ओढ्याच्या पाण्याने ग्रीस गेले, आतल्या सुईसारख्या बेअरिंग कोरड्या पडल्या आणि गंजून झिजल्या. चिवचिव ही त्यांचीच तक्रार होती. हौसिंगकडचा पिनियन किंचित हलत होता. “एवढा प्ले असायलाच हवा, दात्यांना जागा लागते,” मिस्त्री म्हणाले. मागच्या पाट्यांचे यू-बोल्टही जरा सैल निघाले. ते आवळले.

क्राऊन-पिनियन शाबूत होता. गेला होता फक्त एक क्रॉस!

शाफ्ट काढण्याआधी मिस्त्रींनी जोडांवर खडूने खुणा केल्या. एकटा क्रॉस कोनात फिरला की वेग प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो हेलकावा भरून काढतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांचे कान एका रेषेत हवेत. खूण न करता जोडले तर नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते.

जुन्या बाजारात आम्ही गेलो, पण जुना क्रॉस घेतला नाही. “पाना जुना चालतो, बेअरिंग जुनी चालत नाही,” हा मिस्त्रींचा सल्ला. जुना नमुना दाखवून दुकानातून नवा क्रॉस आणला आणि बाजारातून धाकटीसाठी एक चांगली ग्रीसगन घेतली. दुपारी जीप फिरवून पाहिली. मोठा ‘खट्ट’ गेला. पण थांबताना बारीक ‘टक्’ राहिला. शाफ्ट लांब-आखूड होण्यासाठी जो सरकता जोड असतो, तो कोरडा होता. ग्रीस भरताच तोही गप्प झाला.

परतताना मिस्त्रींनी मामांना बजावले, “काका, हा आवाज अजून महिनाभर ऐकत बसला असता, तर घाटात क्रॉस तुटला असता. चढावर गाडीला ओढ नाही आणि हातब्रेकही नाही. गाडीत पेशंट असता, तर?” मामा काही बोलले नाहीत.

वाचकहो, आपल्या कितीतरी घरांत जीप, टेम्पो, रिक्षा हेच पोट आहे. बिल मोठे सांगितले म्हणून घाबरू नका आणि आवाज लहान म्हणून दुर्लक्षही करू नका. आवाज कधी येतो, कशाने थांबतो, हे चार ओळींत लिहून मिस्त्रीकडे जा. पाण्यातून गाडी काढली की सांध्यांना ग्रीस द्या. यू-बोल्ट आवळल्यावर थोडी गाडी चालवून पुन्हा तपासा. आणि घरातली मुलगी गाडी चालवत असेल तर तिला ग्रीसगनही हातात द्या.

फीचे पैसे वाचले. संध्याकाळी धाकटीने जीप सुरू केली, कान देऊन पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. तांबट आळीतला ठोका तेवढा ऐकू आला. जीपमधून काही नाही.