पाइंट आणि हाप चहा

“अण्णा, दर शनिवारी मी आगगाडीने एखाद्या बाजाराच्या गावी जाते आणि तिथल्या जुन्या पबमध्ये तासभर बसते. फार बरं वाटतं!” थोरलीने लंडनहून फोनवर हे सांगितले, तेव्हा आमच्या सौभाग्यवती पुरण शिजवीत होत्या. त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली आणि पुरण खाली लागले. पब म्हणजे गुत्ता, आणि गुत्त्यात आपली मुलगी! त्या दिवशीची पोळी मी मुकाट्याने खाल्ली. पण गेल्या उन्हाळ्यात लंडनला गेलो, तेव्हा हे काय प्रकरण आहे ते डोळ्यांनी पाहायचेच, असे आम्ही दोघांनी ठरवले होते.

इस्लामपूरच्या माणसाला आगगाडीचे अप्रूप जरा जास्तच. कारण आमच्या गावाला आगगाडीच नाही. (२०२५ साली गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचे ठरले, आमच्या पिढीच्या जिभेला मात्र जुनेच वळण आहे.) पुणे-मिरज लोहमार्ग कृष्णेच्या पलीकडून जातो. गाडी गाठायची तर आधी ताकारी गाठायची. त्यामुळे लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनात थोरलीने तिकिटे हातात ठेवली, तेव्हा मी निम्मा विरघळलोच!

तासाभरात आम्ही लुईस नावाच्या गावी उतरलो. खडूच्या टेकड्यांच्या कुशीतले जुने बाजाराचे गाव. चढाचे रस्ते, खालून वाहणारी ऊझ नदी आणि नदीकाठी हार्वे घराण्याची बिअरची भट्टी. त्यांचा हा धंदा १७९० सालापासूनचा, म्हणजे आपल्याकडे सवाई माधवराव गादीवर होते तेव्हापासूनचा!

पबचे दार ढकलताना सौभाग्यवतींनी पदर सावरला. आत पाहतो तो काय? ठेंगणे छत, लाकडी बाके, कोपऱ्यात शब्दकोडे सोडवणारे एक आजोबा, एका टेबलाखाली झोपलेला कुत्रा आणि खिडकीशी विणकाम करणाऱ्या दोन आजीबाई. कोणी झिंगलेले नाही, कोणी ओरडत नाही. आमच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. आम्ही दोघांनी संत्र्याचा रस घेतला. थोरलीला मालकाने विचारले, “पाइंट की हाफ?” ते ऐकून मी दचकलोच. “फुल की हाप?” हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आलो होतो; फक्त तो चहाचा होता.

पाइंट म्हणजे ५६८ मिलीलिटर. पण त्यातली खरी गंमत थोरलीने सांगितली. या बिअरला ते ‘रिअल एल’ म्हणतात. ती पिंपात भरल्यावरही जिवंत असते. आतले किण्व आपले काम चालूच ठेवते. तिच्यात बाहेरून वायू भरत नाहीत. तळघरातल्या पिंपातून ती हातपंपाने ओढून काढतात. बर्फासारखी गार नाही, तळघराइतकी गार. पिंप एकदा उघडले की चार-पाच दिवसांत संपवावे लागते, नाहीतर आंबते. म्हणजे गिऱ्हाईक येत राहिले तरच ती टिकायची. १९६०च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी गाळलेली, तापवून निर्जीव केलेली, वायू भरलेली बिअर गावोगाव पाठवायला सुरुवात केली आणि जुन्या भट्ट्या बंद पडू लागल्या. तेव्हा १९७१ साली चार मित्रांनी मिळून जुन्या बिअरसाठी एक चळवळ सुरू केली. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या नावाने ती आजही चालू आहे.

लुईसची कथा तर ऐकण्यासारखी. २००६ साली तिथल्या ‘लुईस आर्म्स’ या पबच्या मालक कंपनीने गावची हार्वेची बिअर काढून टाकली. लोकांनी पबवर बहिष्कार घातला! रोज येणारी माणसे दाराबाहेर थंडीत उभी राहून येणाऱ्याला विनवीत, आत जाऊ नका. असे १३३ दिवस चालले. २००७च्या एप्रिलमध्ये कंपनी नमली आणि गावची बिअर परत आली.

“एका पेल्यासाठी एवढं?” सौभाग्यवती म्हणाल्या.

“पेल्यासाठी नाही गं आई. बसायच्या जागेसाठी.”

परतीच्या गाडीत सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग एकदम म्हणाल्या, “अहो, मी सातासमुद्रापलीकडे पबमध्ये बसून आले. पण आपल्या गावात तुम्ही रोज सकाळी ज्या हॉटेलात बसता, ते आतून कसं आहे, हे मला ठाऊक नाही.” मी खिडकीबाहेर पाहू लागलो. टेकड्या फार सुरेख होत्या.

डिसेंबरात थोरली घरी आली आणि म्हणाली, “आता तुमचे पब दाखवा.” आमचे पब म्हणजे बाजाराच्या गावची चहाची हॉटेले. ताकारीला जाऊन आम्ही तिघांनी मिरजेकडे जाणारी पॅसेंजर धरली. वाटेत मी माझी मास्तरकी सुरू केली. चहा हा आपला जुना रिवाज नव्हे. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर सरकारने पट्टी बसवली आणि त्या पैशातून पुढे देशभर चहाचा प्रचार झाला. तो करायला रेल्वे स्टेशनासारखी दुसरी जागा कुठली? चहा कसा करावा याच्या देशी भाषांतल्या पाट्या स्टेशनांवर लागल्या. म्हणजे चहा आपल्याकडे आला तो थोडाफार आगगाडीत बसूनच! किर्लोस्करवाडी आली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली इथल्या माळावर वसाहत कशी उभी केली ते सांगितले. भिलवडीला १९३९ साली सुरू झालेल्या चितळ्यांच्या दुधाच्या धंद्याची गोष्ट झाली. १९७१ पर्यंत हा मार्ग मीटरगेज होता, हेही सांगून झाले. तोवर सांगली आली.

सांगली ही हळदीची पेठ. पेठेजवळच्या एका जुन्या हॉटेलात शिरलो. काळवंडलेली बाके, काचेच्या बरण्यांत शेव आणि भडंग, गल्ल्यामागे उदबत्ती लावलेली तसबीर. हमाल, व्यापारी, तारखेला आलेले पक्षकार, सगळे बशीत ओतून चहा घेत होते. थोरलीचा चेहरा खुलला. इतक्यात पोऱ्या धावत आला आणि त्याने पडद्याकडे बोट दाखवले, “बाईमाणसं तिकडं. फॅमिली रूम.”

पडद्यामागे एक टेबल, एक बंद खिडकी आणि रिकाम्या बाटल्यांचे खोके होते. सौभाग्यवती सवयीने तिकडे निघाल्या. थोरली मात्र बाहेरच्या बाकावर टेकली. “आई, इथे बस.” दोन-चार माना वळल्या. मला कानकोंडे झाले, खोटे कशाला सांगू? सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले आणि त्या पडद्याआड गेल्या. मग आम्हीही गेलो. चहा उत्तम होता, पण गोड लागला नाही.

मिरजेला जाताना थोरली म्हणाली, “अण्णा, तिकडेही पूर्वी असंच होतं. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एका नावाजलेल्या मद्यगृहात बायकांना पुरुषांच्या बरोबरीने उभं राहून पेय मागता येत नसे. त्यांनी मागच्या खोलीत बसावं, असा नियम. १९८२ साली अपील कोर्टाने तो बेकायदा ठरवला. त्याला काही शंभर वर्षं झाली नाहीत.” मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आम्ही तंबोरे पाहिले, पण माझे लक्ष त्यात नव्हते. ज्या जागेला मी इतकी वर्षे ‘गावची बैठक’ म्हणून मिरवत होतो, तिच्यात अर्धे गाव कधी बसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघींना घेऊन आमच्या इस्लामपूरच्या हॉटेलात गेलो. पाहतो तो भिंतीशी बाके रचून ठेवलेली. मालक म्हणाले, “काढून टाकतोय, गुरुजी. आता उभ्या उभ्या कागदी पेल्यात चहा. बसणाऱ्याचं परवडत नाही.”

मी तावातावाने लुईसची कथा सांगितली. १३३ दिवस, थंडी, बहिष्कार! मालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ती माणसं रोज येणारी होती, गुरुजी. तुम्ही किती दिवसांनी आलात?”

मी मनात हिशेब केला. लंडनहून परतल्यापासून गुडघ्याचे निमित्त करून मी घरीच चहा घेत होतो. आमच्या टेबलावरचे दोघे मुलांकडे पुण्याला गेले, एक देवाघरी गेला. मोठ्या कंपनीने बिअर बदलली तर तिच्यावर बहिष्कार टाकता येतो. आपणच जाणे सोडले तर कोणावर टाकायचा?

मला उत्तर सुचेना. सौभाग्यवतींना सुचले. रचलेल्यांतले एक बाक त्यांनी आणि थोरलीने मिळून खाली उतरवले, पदराने पुसले आणि रस्त्याकडे तोंड करून सौभाग्यवती त्यावर बसल्या. पोऱ्या मालकाकडे पाहू लागला. मालक माझ्याकडे पाहू लागले. शेवटी पोऱ्यानेच धीर केला. “काकू, हाप की फुल?”

“फुल,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षांची बाकी आहे.”

मालक हसले. बाके पुरती गेली नाहीत. दोन राहिली आहेत. ती किती दिवस राहतील, ते आमच्यावर आहे. आम्ही दोघे आता मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे जातो. गेल्या महिन्यापासून शेजारच्या दोघी जणीही येऊ लागल्या आहेत, आणि शुक्रवारी बसायला जागा मिळावी म्हणून मला जरा लवकर निघावे लागते.